मिशी गेली, आयडी गेला

आरटीओच्या दारातून बाहेर पडताना माणसाला हायसं वाटू शकतं, असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सरकारी कचेरीशी माझं कधी जमलं नाही. तिथला खुडखुडणारा पंखा, दोरीने बांधलेलं पेन, 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य, सगळंच माझ्या डोक्यात जातं. पण त्या दिवशी मी, आई आणि माझा धाकटा भाऊ असे तिघे तो जिना उतरलो, तेव्हा दारावरच्या शिपायालासुद्धा पेढा द्यावा असं मला वाटलं. दिला नाही. एक तर पेढे जवळ नव्हते, आणि आत जाताना तो माझ्यावर खेकसला होता. पण वाटलं ते खरं.

माझा भाऊ ॲपवर टॅक्सी चालवतो. आधी कुरिअर कंपनीत होता. ती बंद पडल्यावर गाडी घेतली, टॅक्सी चालवायचा बॅज मिळवला आणि रस्त्यावर उतरला. राहतो करी रोडला, आमची चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये, आईबरोबर. हे सगळं सुरू झालं तेव्हा बाबाही होते. मी लग्न होऊन गिरगावात गेले आणि तिथल्याच शाळेत शिकवते. त्यामुळे माझा आवाज घरातही वर्गातल्यासारखाच लागतो, अशी सगळ्यांची तक्रार आहे.

सरकारने ॲपवाल्या कंपन्यांसाठी नियम आणले तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. भाऊ विरोधी पक्षात. "ताई, गाडी माझी, गॅस माझा, कंबर मोडते ती पण माझीच. मग नियम सगळे मलाच का?" असं म्हणून तो इतर ड्रायव्हरांबरोबर आझाद मैदानात बसूनही आला. मी मात्र नियमांच्या बाजूने. मी एकटी फिरणारी बाई. दादरहून एकदा गाडी बोलावली, तर फोनवरच्या फोटोत चष्म्यातले आजोबा आणि स्टिअरिंगवर कानात इयरफोनची बोंडं घातलेला भलताच तरणा माणूस. "आजोबा कुठायत?" असं विचारलं तर म्हणतो, "बैठो ना मॅडम, सब एक ही है." मी बसले नाही, आणि भर रस्त्यात त्याची हजेरी घेतली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की फोटोतला माणूसच गाडीत पाहिजे, आणि तो आहे की नाही हे बघणं कंपनीचं काम. त्या मतापासून मी आजही तसूभर हटलेले नाही. पुढे जे झालं, त्यानंतरही.

तर कंपनी ते काम करायला लागली. ड्रायव्हरने गाडी सुरू करायच्या आधी फोन म्हणतो, तुझा फोटो काढ. चेहरा जुळला की काम सुरू, नाही जुळला की बंद. भाऊ कुरकुरत रोज फोटो काढायचा आणि रोज जुळायचा, कारण त्याचा चेहरा विसरण्यासारखा नव्हताच. त्याला मिशी होती. साधी नव्हे, टोकाला पीळ दिलेली, घरच्या खोबरेल तेलावर वाढलेली. इमारतीच्या गणपतीतल्या नाटकात हवालदाराचं काम कायम त्याला मिळायचं ते त्या मिशीवरच. कॉलेजात असल्यापासून त्याने तिला वस्तरा लावला नव्हता. बाप असताना मिशी काढायची नाही, ही आमच्याकडची रीत.

मग बाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता, जसे जगले तसेच.

दहाव्याला सगळे बाणगंगेवर निघाले. गावाहून आलेले काका म्हणाले, बायका जात नाहीत. मी ऐकून घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. तिथे पायरीवर न्हाव्याने भावाचं डोकं भादरलं आणि मिशीपाशी येऊन हात थांबवला. शेवटी काकाच म्हणाले, "काढ ती. बापूस एकदाच जाता." आणि ती गेली. भावाने ओठावर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी त्याचा वरचा ओठ बघितलाच नव्हता. रडला मात्र नाही. त्या सगळ्या दिवसांत तो रडलाच नव्हता. जेवणाचे डबे, भटजी, गावची माणसं, सगळं बघत होता.

कार्य आटोपल्यावर तो सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसला. फोनने फोटो मागितला. त्याने दिला. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. त्याने टोपी काढली. जुळत नाही. काच खाली करून उजेडात तोंड धरलं. जुळत नाही. दुपारपर्यंत तो त्या फोनला आपलं थोबाड वेगवेगळ्या बाजूंनी दाखवत बसला, आणि फोन दर वेळी त्याला तू तो नव्हेस असं सांगत राहिला.

एवढ्यावर थांबला असता तरी कदाचित निभावलं असतं. पण हवालदाराचं डोकं चाललं. दादरला नाटकाचं सामान भाड्याने देणारं एक दुकान आहे, तिथे त्याची जुनी ओळख. हवालदाराची मिशी नेमकी दुसऱ्या कुणीतरी नेली होती, म्हणून दुकानदाराने सेनापतीची दिली. ती डिंकाने चिकटवून, तासलेल्या डोक्याने, माझा हा शहाणा भाऊ गाडीत बसला आणि मोठ्या विश्वासाने फोटो काढला.

आयडी कायमचा बंद. कारण फोनवरच आलं होतं. आयडी दुसऱ्या व्यक्तीला वापरायला दिला, आणि फसवणुकीचा प्रयत्न केला.

हे मला कळलं तेव्हा मी तिसरीच्या वर्गाबाहेर उभी होते. "गाढवा," मी फोनवर ओरडले, "तुला दुसरं काही सुचलं नाही?" सगळा वर्ग गप्प झाला. भाऊ म्हणाला, "अगं, मिशी नाही म्हणून ओळखत नव्हता ना तो. म्हणून मिशी दाखवली." त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आधी गाणं, मग एका बाईचा गोड आवाज. भाऊ म्हणाला, "मॅडम, मेरा बाप गुजर गया, इसलिए मूँछ निकाली." ती म्हणाली, "आपकी असुविधा के लिए हमें खेद है." तो पुन्हा म्हणाला, बाप गुजर गया. ती पुन्हा म्हणाली, असुविधा के लिए खेद है. मी त्याच्या हातून फोन घेतला आणि वडील जाणं ही असुविधा नसते हे तिला जरा मोठ्याने समजावलं. तिने फोन ठेवला. तिची तरी काय चूक, कुठल्या तरी लांबच्या शहरात समोरच्या पडद्यावर दिसेल ते वाचत असणार. पण तेव्हा मला ते सुचलं नाही, मी तिलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या कंपनीकडे जावं म्हटलं, तर तिथेही लायसन्सवरचा फोटो मिशीचाच. तिथल्या मशीननेही नाही म्हणून मान हलवली.

आणि मग तो घरी बसला.

बसला म्हणजे अक्षरशः बसला. चाळीच्या गॅलरीत आमचं एक लाकडी बाकडं होतं. टॉवरमध्ये गॅलरी नाही, म्हणून ते हॉलमधल्या खिडकीपाशी ठेवलंय. भाऊ सकाळी उठून त्या बाकड्यावर बसायचा, एक पाय खाली, एक वर, आणि खिडकीतून खाली बघायचा. दुपारी जेवायचा आणि परत बसायचा.

मी रविवारी गेले आणि दार उघडलं. बाकड्यावर बाबा बसले होते. तीच जिवणी, तोच खाली झुकलेला ओठ, तसंच ढोपर. आजोबा वारले तेव्हा बाबांनी मिशी काढली होती ती परत कधी ठेवली नाही, त्यामुळे आमच्या डोक्यातले बाबा म्हणजे बिनमिशीचेच. आणि आमच्या लहानपणी गिरणी बंद पडली तेव्हा ते याच बाकड्यावर असेच बसले होते. किती दिवस, ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की शाळेतून आलं की ते तिथे असायचे आणि आपण हळू चालायचं असायचं. पुढे त्यांना एका इमारतीत वॉचमनची नोकरी लागली आणि ते उठले. पण गिरणीने त्यांना का घालवलं, हे त्यांच्या तोंडावर त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. एक दिवस गेट बंद होतं, एवढंच.

आई ओट्याशी पाठ करून उभी होती. हळूच मला म्हणाली, "गो, मी तेच्याकडे बघनय नाय. एकदा बघलंय मी ह्या. परत माका बघूचा नाय."

आई कधी असं बोलत नाही. गिरणीच्या दिवसांबद्दल तर कधीच नाही. मी घाबरले. आयडी, ॲप, कंपनी, हे तोवर मला भावाचं लफडं वाटत होतं. आता कळलं की हा माणूस त्या बाकड्यावरून उठला नाही, तर आई पण बसेल.

मार्ग सुचवला तो भावाच्याच एका ड्रायव्हर मित्राने, तोही विरोधी पक्षातला. म्हणाला, अरे, ज्या नियमांना आपण शिव्या घालून आलो, त्यांच्यातच आहे की, ड्रायव्हरचं ऐकून घेतल्याशिवाय कंपनीने असं परस्पर कायमचं बंद करायचं नाही. कंपनीने दाद दिली नाही तर आरटीओकडे जायचं. भाऊ म्हणाला, "सरकार काय आपल्या मिशीसाठी बसलंय?" मी म्हटलं, तू गप्प बस, आणि आधी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं, पुन्हा खेद. मग आरटीओत केली. तिथून सुनावणीची तारीख आली तेव्हा माझाच विश्वास बसेना.

आता पुरावा काय न्यायचा? बाबांचा मृत्यूचा दाखला घेतला. पण भावाने खरंच मिशी काढली, याला काय पुरावा? लग्नाचे फोटो असतात, बारशाचे असतात, दहाव्याचे कुणी काढतं का? काकांना गावाहून बोलवायचं म्हटलं तर ते म्हणाले, न्हाव्याला घेऊन जा. एवढ्यात आई उठली आणि ट्रंकेतलं पांढरं लुगडं काढलं.

"मी येतंय," ती म्हणाली.

"आई, तिथे ओळखपरेड नाहीये."

"मग काय हा? मशीन म्हणता ह्यो तो न्हय. मी आवस, मीच तेका जल्म दिलंय, मी सांगतंय ह्यो तोच. मशीनीपेक्षा माका जास्त म्हायत."

बाबा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मी वाद घातला नाही.

सुनावणी म्हणजे मी कोर्टासारखं काही डोळ्यांपुढे आणलं होतं. प्रत्यक्षात एक खोली, एक टेबल, आणि माझ्याच वयाच्या एक अधिकारी बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कंपनीने पाठवलेला प्रतिनिधी, इस्त्रीच्या शर्टातला, लॅपटॉप घेऊन. त्याने आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, काय माजोरडा आहे.

त्याने केस वाचून दाखवली. एकाच आयडीवर तीन वेगळे चेहरे आढळले. मग लॅपटॉप फिरवला. पहिला फोटो भावाचा, पीळदार मिशीचा, हसरा. दुसरा बोडक्या डोक्याचा, बिनमिशीचा, जागरणाने डोळे सुजलेले. आणि तिसऱ्यात तेच बोडकं डोकं, खाली सेनापतीची मिशी, एका बाजूला थोडी सुटलेली.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तिसरा फोटो नीट बघितला आणि त्यांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर हात धरला. भाऊ लाल झाला. मला वाटलं, संपलं, आता फसवणुकीचा शिक्का पक्का.

हसता हसता त्यांची नजर दुसऱ्या फोटोवर गेली. मग भावावर. त्याच्या डोक्यावर तेव्हा केसांची नुसती खुरटी वाढ होती, ओठावर तशीच. मग त्यांनी आईकडे बघितलं, तिच्या लुगड्याकडे, मोकळ्या कपाळाकडे. हसू थांबलं.

"वडील गेले का तुमचे?" त्यांनी विचारलं.

बस, एवढंच. दाखला फाईलमध्ये राहिला. माझ्या भावाने हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते हो राहूनच गेलं. जो बाणगंगेवर रडला नाही, तो त्या सरकारी खुर्चीत, त्या खुडखुडणाऱ्या पंख्याखाली हमसून हमसून रडला. इतक्या दिवसांत त्या फोनने त्याला हजार गोष्टी विचारल्या होत्या, पण ही एक विचारली नव्हती. मीही रडले, सांगायला लाज कसली.

आई तेवढी रडली नाही. तिला वाटलं आपली पाळी आली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो माझो झिल. मी तेची आवस. आणखी काय व्हया?"

"काही नको, मावशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

मग तो कंपनीचा माणूस बोलला. विदर्भातला होता, बोलण्यावरून कळलं. "मॅडम, हे आत आले तेव्हाच मला समजलं. आमच्याकडे पण काढतात."

झालं, माझा पारा चढला. "समजलं होतं तर बंद कशाला केलंत? इतके दिवस माणूस घरी बसलाय!"

"ताई, मी नाही केलं, सिस्टिमने केलं." तो खरोखर ओशाळला होता. "सिस्टिममधल्या कारणांच्या यादीत दाढी आहे, चष्मा आहे, आजारपण आहे. हे कारणच नाही. आणि यांना मी आज पहिल्यांदा बघतोय. आम्हाला ड्रायव्हर दिसतच नाही."

"म्हणून तर समोरासमोर बसवलंय," बाई म्हणाल्या, आणि आयडी चालू करायला सांगितला. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. ती मिशी दुकानात परत केली ना?"

"हो, मॅडम."

"पुन्हा असलं नाटक केलंत तर मीच बंद करीन."

नवा फोटो तिथेच, बाहेरच्या व्हरांड्यात काढायचा ठरला. कंपनीच्या माणसाने स्वतः भावाला उजेडाकडे तोंड करून उभं केलं. आई बाजूला उभी राहून "हनवटी वर कर" अशा सूचना देत होती. फोन जरा वेळ गरगरला आणि मग त्यावर भावाचं नाव आलं, नव्या फोटोसकट. त्याने तो आईला दाखवला. आईने फोन लांब धरून, जवळ धरून बघितला. "तुझ्या बापसासारखो दिसतंस," ती म्हणाली. "पण बरो दिसतंस."

तर असे आम्ही तो जिना उतरलो.

भाऊ म्हणाला, चला, घरी सोडतो. आम्ही दोघी मागे बसलो. बघूया तरी चालतंय का, म्हणून त्याने ॲप चालू केलं. लालबागला सिग्नलपाशी फोन वाजला. भाडं. त्याने दचकून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे, कॅन्सल करतो."

"खबरदार!" आई गरजली. इतका मोठा आवाज मी बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता. "घी ता भाडा. आमी उतारतो."

"आणि कॅन्सल केलं तर दंड आहे," मी म्हटलं. "नियम आहे."

"तू आणि तुझे नियम," भाऊ म्हणाला, पण हसत. पीळ नव्हता तरी ते हसू जुनंच होतं.

मसाल्याच्या दुकानांच्या ओळीपाशी आम्ही उतरलो. मिरच्या कुटल्या जात होत्या, सगळी हवा तिखट झाली होती. भाडं तिथलंच होतं. मसाल्याच्या पिशव्या घेतलेली एक बाई पुढे आली आणि गाडीजवळ येऊन थांबली. आधी नंबर बघितला. मग फोन बघितला. मग वाकून काचेतून भावाकडे बघितलं, आणि पुन्हा फोनकडे. मीही अशीच बघते. पण त्या वेळी मात्र ते मला फार लांबल्यासारखं वाटलं. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"हां, तुम्हीच," ती बाई म्हणाली आणि दार उघडून आत बसली.

गाडी गर्दीत शिरली. आईने माझं मनगट सोडलं आणि पदराने डोळे पुसले. तिथे उभं राहिलं की मिरचीने सगळ्यांचेच डोळे भरतात.

"वळखल्यान गो," ती म्हणाली.

आम्ही चालतच घरी गेलो. वाटेत तिने ताजे बोंबील घेतले आणि कोळणीशी किमतीवरून नीट भांडली. घरी आल्यावर मी बोंबलांची पिशवी ठेवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर आई खिडकीपाशी, त्या बाकड्यावर, पाय वर घेऊन ऐसपैस बसली होती.

"आता हय मी बसतलंय," ती म्हणाली. "चाय ठेव."

मी चहा ठेवला.